तेल निथळेपर्यंत

नानांशी माझं पहिलं बोलणं झालं ते त्यांच्या पायांशी. जळगावच्या कॉलेजात मला नुकतीच नोकरी लागली होती. एका वकिलांच्या घरी वरची खोली भाड्यानं मिळेल असं कळलं, म्हणून पत्ता शोधत मी त्यांच्या फाटकाशी आले. पोर्चमध्ये एक जुनी पांढरी ॲम्बॅसेडर उभी होती आणि तिच्या पुढच्या बाजूनं दोन अनवाणी पाय बाहेर आलेले होते. टाचा भेगाळलेल्या, पण नखं नीट कापलेली.

"वकीलसाहेब आहेत का?" मी विचारलं.

"कशाला पाहिजेत?" पायांच्या पलीकडून आवाज आला.

"खोली बघायची होती."

"वकीलसाहेब कामात आहेत. काय करता तुम्ही?"

"कॉलेजात शिकवते. इतिहास."

"मग वाट बघायची सवय असेल. ओट्यावर पेपर पडलाय, तो वाचा. मनात नाही, मोठ्यानं. अग्रलेख सोडा. आतल्या पानावरच्या बातम्या घ्या."

मला हसू आलं आणि थोडा रागही आला. पण मी ओट्यावर बसले आणि वाचू लागले. केळीचा बाजारभाव, चाळीसगावला रुळांच्या कामामुळे उशिरा सुटणाऱ्या गाड्या, कुठल्याशा पतसंस्थेची सभा. मधून मधून खालून शेरे येत. "खोटं आहे." "पुढचं वाचा." "हा माणूस माझा पक्षकार होता, त्याचं काही ऐकू नका." बऱ्याच वेळानं ते सरपटत बाहेर आले. अंगात बंडी, खाली जुना पायजमा, कोपरापर्यंत काळे हात. माझ्याकडे पाहून म्हणाले, "उच्चार स्वच्छ आहेत. खोली वर आहे. अक्का दाखवेल."

पुढची अनेक वर्षं मी त्या खोलीत राहिले. नंतर माझी बदली धुळ्याला झाली, तरी त्या घराशी येणंजाणं राहिलं. नाना आता नाहीत. त्यांच्याबद्दल लिहायला बसते आणि उठते. एक परिच्छेद होतो न होतो तोच स्वयंपाकघरात जाते, चहा टाकते, तो उभ्यानंच पिते आणि मग लक्षात येतं की ही सवय माझी नव्हे.

चहा उभ्यानं पिणं ही नानांची रीत. माणूस बसला की त्याचं डोकं बसतं, असं त्यांचं मत. पक्षकार आला की ते ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत त्याची हकीकत ऐकत, आणि बिचाऱ्या पक्षकारालाही त्यांच्याबरोबर चालावं लागे. खेड्यातून आलेले म्हातारे दमून जायचे. लग्नाला गेले तर हातातल्या अक्षता पडायच्या आत नानांच्या चपला पायात. जेवतानाही एक गुडघा वर, उठायच्या तयारीत. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, पूर्वेकडच्या खेड्यातल्या. त्यांची भाषा शहरात येऊनही बदलली नव्हती. त्या म्हणायच्या, "ह्या मानसाले देवानं बूड दिलंच नही. पाय देले आन् तोंड देलं."

अशा माणसाला मी एकाच ठिकाणी स्थिर पाहिलं, गाडीखाली.

गाडीचं तेल ते स्वतः बदलत. जळगावात तेव्हा गॅरेजं कमी नव्हती आणि नानांचं वय काही गाडीखाली शिरायचं राहिलं नव्हतं. कोर्टातले त्यांच्या बरोबरीचे वकील गाडी गॅरेजला टाकून रिक्षानं घरी जात. नाना मात्र कुणाला हात लावू देत नसत. रविवारी सकाळी गाडी स्टेशनपर्यंत नेऊन परत आणायची, म्हणजे आतलं तेल गरम होऊन पातळ होतं. मग पोर्चमध्ये पोतं अंथरायचं. इंजिनाच्या पोटाखाली तेल साठतं त्या भागाला चेंबर म्हणतात आणि त्याच्या तळाला एक बोल्ट असतो, हे मला त्या पहिल्याच रविवारी समजावून सांगण्यात आलं. तो बोल्ट काढला की काळं तेल पसरट घमेल्यात पडू लागतं. आधी जाड धार, मग सुतासारखी, मग थेंब. नाना थेंब संपेपर्यंत खालीच पडून राहत. घमेल्याशेजारी उताणे, हात छातीवर. मी पेपर वाचायचा आणि त्यांनी ऐकायचं.

"गॅरेजवाल्याचं काय होतं," ते खालून सांगायचे, "धार थांबली की तो बोल्ट लावून मोकळा होतो. त्याच्यामागे दुसरी गाडी उभी असते ना. पण बाई, धार थांबली म्हणजे तेल संपलं असं नाही. खरा गाळ थेंबाथेंबानं येतो. साक्षीदाराचं तसंच. तो बोलायचा थांबला की आमचे वकील खाली बसतात. मी बसत नाही. मी उभा राहतो, गप्प. मग त्याला राहवत नाही, आणि येतं ते खरं येतं."

उलटतपासणीसाठी नाना जळगाव-धुळे दोन्ही जिल्ह्यांत ओळखले जात. मी एकदा मुद्दाम कोर्टात जाऊन बसले होते. बांधावरून झालेल्या मारामारीचा खटला होता. साक्षीदार सांगत होता की आरोपीनं दगड मारलेला त्यानं पाहिला. नानांनी आवाज चढवला नाही. दगड केवढा होता? कुठल्या हातात होता? तुम्ही कुठल्या बाजूला उभे होता? तिथून लिंबाचं झाड दिसतं का? मग झाडाआडचं कसं दिसलं? तो माणूस रुमालानं मान पुसत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मी आवाज ऐकला साहेब, दगड नाही पाहिला." नाना खाली बसले नाहीत. खिडकीशी जाऊन बाहेर पाहत उभे राहिले.

जुन्या तेलाचीही एक व्यवस्था होती. आमच्याकडे जळकं ऑईल कुणी फेकत नाही. बैलगाडीच्या आसाला ते लागतं, दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून लागतं, कुणी जनावरांच्या जखमेवरही लावतं. गॅरेजमध्ये तेल बदललं की ते गॅरेजचं होतं. नानांच्या पोर्चमध्ये निघालेलं तेल मात्र लोकांचं. नाना मूळचे जवळच्याच असोदा गावचे. तिथली भावकी त्यांची जमीन कसायची. गाडी स्टेशनकडे जाऊन परत आलेली दिसली की बातमी कशी पोचायची कोण जाणे, तेल थंड होईपर्यंत फाटकाशी दोन-चार डबे हजर. डालड्याचे, पत्र्याचे, एकदा तर चक्क पितळी तांब्या. अक्कांनी तो ओळखला. "आवं, हा त आमच्याच घरचा व्हय!" असोद्याला कधीतरी लाडू भरून गेलेला तांब्या जळकं ऑईल न्यायला परत आला होता.

आता बापूंबद्दल सांगायला हवं. बापू म्हणजे नानांचे एकुलते चिरंजीव. मी राहायला गेले तेव्हा ते घरात नव्हते आणि त्यांचं नाव नानांच्या तोंडी नव्हतं. अक्कांकडून तुकड्या-तुकड्यानं कळलं ते असं. नानांनी त्यांना वकील केलं आणि आपल्या हाताखाली घेतलं. एका खटल्यात म्हाताऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी नानांनी मुद्दाम त्यांच्यावर सोपवली. म्हातारा अडखळला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बापू म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही," आणि खाली बसले. त्या दिवशी नाना कोर्टाच्या आवारात, सगळ्यांच्या देखत, लेकाला नको ते बोलले. थोड्याच दिवसांत बापू धुळ्याला गेले आणि आग्रा रोडवर नव्यानं निघालेल्या एका मोटारींच्या शोरूममध्ये सर्व्हिसच्या कामावर लागले. तिथंच लग्न केलं, संसार थाटला. नाना लग्नाला गेले, अक्षता टाकल्या आणि निघून आले. त्यांच्या बाबतीत त्यात वेगळं काही नव्हतं, म्हणून लोकांच्या लक्षात आलं नाही. अक्कांच्या आलं.

"दुसऱ्याच्या गाड्यांखाली झोपण्यासाठी वकील केला होता का त्याला?" नाना एकदा म्हणाले होते.

अक्का भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग कोनाच्या गाडीखाली शिकला तो? तुमच्याच ना?"

खरंच होतं ते. लहानपणी पोत्यावर नानांच्या शेजारी पडून थेंब मोजणारा मुलगा बापूच होता.

बापूंनी एकदा निरोप पाठवला की गाडी धुळ्याला आणा, तिथं सर्व्हिसिंग करून देतो, काही द्यायचं नाही. नानांनी निरोप ऐकून घेतला आणि ओट्यावर दोन फेऱ्या मारल्या. "पैसे देऊन करायचं तर गावात गॅरेजं आहेत. फुकट करायचं तर मी आहे." एवढंच म्हणाले. त्यानंतरच्या रविवारी तेल बदलायचं नव्हतं तरी गाडीखाली जाऊन आले.

अक्का एसटीनं धुळ्याला जाऊन येत. नाना कोर्टाच्या तारखेला जात आणि तसेच परत येत. लेकाच्या घराची पायरी त्यांनी चढली नव्हती.

मग बापूंना मुलगी झाली.

बारशाचं बोलावणं आलं तेव्हा उन्हाळा होता, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. अक्कांनी झबली-टोपडी ट्रंकेत भरली, लाडू केले आणि जेवताना सांगून टाकलं, "मी जाऊन राह्यली. तुमी या नही त नका येऊ. पन ह्या वेळेले मी एकटी गेली, त परत येईन का नही, ते मले बी ठाऊक नही."

नाना उठले. हात धुतले. बऱ्याच वेळानं अंगणातून आवाज आला, "गाडीनं जाऊ. बाई, तुम्हीही चला. वाटेत हिला बोलायला कुणीतरी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी स्टेशनवर जाऊन आली.

"नाना, आत्ताच तर बदललं होतं ना तेल?" मी विचारलं.

"बापूच्या दारात माझी गाडी उभी राहील, तेव्हा तो पहिल्यांदा काय करील? नमस्कार करील. आणि मग बॉनेट उघडून पट्टी काढून बघेल." तेल किती आहे आणि कसं आहे ते पाहायची पट्टी असते, ती. "बघणारच. माझ्याकडूनच शिकलाय. त्या पट्टीवर काळं तेल दिसता कामा नये."

म्हणजे सगळं त्या पट्टीवर होतं. मी पेपर घेऊन ओट्यावर बसले. धार पडली, सूत पडलं, थेंब सुरू झाले. नानांचे पाय मात्र त्या दिवशी हलत होते. एक अंगठा दुसऱ्यावर घासत होता. फाटकाशी असोद्याचे एक आबा डबा घेऊन आले होते, आणि त्यांच्या आधी शेजारच्या काकू येऊन उभ्या होत्या.

"मागच्या टायमाले बी काकूच घेऊन गेल्या," आबा म्हणाले. "माही गाडी अशी कुरकुर करू राह्यली की बैलं हसतात मले."

"हसू द्या," काकू म्हणाल्या. "माझ्या दाराची चौकट वाळवीनं पोखरली. दार पडलं तर तुमचे बैल येतील का राखणीला?"

"दाराले रंग लावा ना! तेल लावून दार चालनार हाये का कुठी?"

"तुमची गाडी तरी कुठं चालतेय? बैल उभे राहून हसतात म्हणता ना?"

आबांचा आवाज चढला, काकूंचा त्याहून. गाडीखालून नानांचा हात बाहेर आला, चाचपडला आणि बोल्टखाली बसवायची तांब्याची नवी चकती, म्हणजे वायसर, घेऊन आत गेला. बोल्ट फिरवल्याचा बारीक आवाज मी ऐकला. एरवी यानंतर ते हात पुन्हा बाहेर काढून "पाना" म्हणत, आणि मी तो त्यांच्या तळव्यावर ठेवी. त्या दिवशी हात आला नाही, नाना स्वतःच बाहेर आले.

"अर्जदार कोण?" काळे हात कमरेवर ठेवून त्यांनी विचारलं.

पुढं जे झालं ते फार मजेचं झालं. नानांनी दोघांच्या जबान्या घेतल्या. काकूंना चौकटीची लांबी-रुंदी विचारली. आबांना विचारलं, गाडी कुरकुरते ती भरलेली असताना की रिकामी? बैल आधी हसतात की गाडी आधी कुरकुरते? अक्कासुद्धा दारात येऊन पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी निकाल लागला. तेल आबांना, पण काकूंच्या चौकटीला ते आबांनी स्वतःच्या हातानं लावून द्यायचं आणि उरेल ते असोद्याला न्यायचं. दोघंही खूश. नाना खुशीत बॉनेटकडे गेले आणि नवं तेल ओतू लागले. मधासारखं होतं. त्यांनी पट्टी काढून मला दाखवली. "बघा. आता बघू दे त्याला."

पाना ओट्यावर होता. हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी निघालो. एरंडोल गेलं, पारोळं गेलं. खिडकीतून झळा येत होत्या. अक्का ट्रंक मांडीला टेकवून बसल्या होत्या आणि मुलीचं नाव काय ठेवतील यावर बोलत होत्या. नाना गाडी चालवताना रस्त्याइतकंच समोरच्या काट्यांकडे पाहत. एकदम ते म्हणाले, "नाही," आणि गाडी बाजूला घेऊन बंद केली. तेलाच्या दाबाचा काटा खाली पडला होता.

आम्ही उतरलो. मागं रस्त्यावर, जिथवर नजर जाईल तिथवर, एक चकचकीत रेघ आली होती. नाना कोर्टात घालायच्या पांढऱ्या शर्टासकट तसेच खाली शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.  बोल्ट कुठंतरी पडून गेला होता आणि त्याच्यामागून सगळं तेल.

मग त्यांची जी तगमग सुरू झाली ती मी विसरत नाही. ते रेघेवरून बोल्ट शोधत मागं चालत गेले, उन्हात दिसेनासे झाले, परत आले. लिंबाची फांदी तोडून चाकूनं खुंटी तासायला बसले. बोल्टच्या जागी ती ठोकायची म्हणे.

"आन् आत काय वतनार?" अक्कांनी विचारलं. "काल बठ्ठं वाटून टाकलं. वाटीभर तरी घरात ठेवाव का नही?"

खुंटी नानांच्या हातातच राहिली.  अक्कांनी ट्रंकेवरचा पदर सारखा केला आणि धुळ्याच्या दिशेनं पाहत राहिल्या. बारसं संध्याकाळी होतं.

रस्त्यापलीकडे कापसाची जिनिंग होती, हंगाम संपल्यानं बंद. राखणदार लिंबाखाली खाटेवर बसून आमच्याकडे पाहत होता. नाना त्याच्याकडे गेले.

"काय व्हयनं, बाबा? गाडी रुसनी का?"

"फोन आहे का इथं?"

"फोन शे. पन बठ्ठासले देस नही मी." वाटेल त्याला फोन देत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यानं अक्कांकडे पाहिलं. "तुम्हनासंगे माय शे, म्हनीसन देस. चाला."

ऑफिसात नानांनी रिसीव्हर उचलून माझ्या हातात दिला. "तुम्ही बोला. शोरूमचा नंबर हिच्याजवळ आहे." अक्कांनी पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढून दिली. फोन लागता लागता लागला. बारसं संध्याकाळी, म्हणून बापू कामावरच होते; ते फोनवर आले. मी सांगू लागले, गाडी बंद पडलीय, तेल गेलंय, कुठून गेलं ते मला नीट... नानांनी रिसीव्हर ओढून घेतला.

"चेंबरचा बोल्ट गेला. पारोळ्याच्या पुढं, जिनिंगसमोर. वायसर नवा आण." आणि ठेवून दिला. ये असंही म्हणाले नाहीत.

बापू मोटारसायकलवर आले. बारशासाठी घातलेला पांढरा झब्बा, पाठीला पिशवी, पिशवीत तेलाचा डबा, बोल्ट आणि पाना. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. अंगानं नानांसारखेच, पण चाल सावकाश. ते आधी अक्कांच्या पाया पडले, मग नानांच्या. नाना म्हणाले, "झब्बा काढ. खराब होईल."

"राहू द्या."

त्यांनी चपला काढल्या, पोतं अंथरलं आणि आत शिरले. नाना बाहेर उभे राहिले. त्या गाडीखाली दुसऱ्याचे पाय आणि बाहेर नाना, हे मी कधी पाहिलं नव्हतं. बहुधा त्यांनीही नाही. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. दुसरी अर्ध्यात सोडली, आणि तेही आत शिरले. गाडीखालून आता चार पाय बाहेर आले होते. चारही टाचा तशाच भेगाळलेल्या. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब, दोघांचंही.

"आटे बघितलेस?" नानांचा आवाज.

"बघितले."

"काय म्हणतात?"

 बोल्टच्या भोकातल्या आट्यांवरून बोट फिरवलं की ते तुटलेत की शाबूत आहेत हे कळतं. चेंबरला मार बसला असेल तर पत्र्यावर खूण असते. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या दोघांना होतं.

"दगड लागला असेल, नाना," बापू म्हणाले. "पारोळ्याजवळ रस्ता उखडलाय. आमच्याकडे अशा गाड्या रोज येतात."

"काय झालं म्हने?" अक्का वाकून विचारू लागल्या.

"दगड लागला, आई," बापू मोठ्यानं म्हणाले. "गाडीचा दोष नाही. कुणाचाच नाही."

मी वाट पाहत राहिले. दगड केवढा? कुठल्या बाजूनं आला? खूण कुठं आहे? कोर्टातला तो साक्षीदार मला आठवला, रुमालानं मान पुसणारा. नाना आता विचारतील, एकेक विचारतील. दोन ट्रक गेले. नानांनी काहीच विचारलं नाही. मग एक काळा हात बाहेर आला. कुणाचा ते मला सांगता येणार नाही. मी त्यावर पाना ठेवला, आणि आतून बोल्ट आवळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

बापूंनी तेल ओतलं, पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली आणि काढून नानांसमोर धरली. नानांनी चष्मा वर सारून पाहिलं.

"ठीक," म्हणाले.

बारसं थोडं उशिरा झालं. बापूंच्या झब्ब्याच्या पाठीवर मोठा काळा डाग होता. तो कशाचा म्हणून पाहुण्यांनी विचारलं की ते सांगत, "नानांची गाडी आलीय." इतकंच, आणि तेही अशा आवाजात की पुढं कुणी विचारत नसे. नाना पाळण्याशी उभे होते. पाळण्याची दोरी त्यांच्या हातात दिली तेव्हा बसावं लागलं. बसले.

त्यानंतर एक रीत पडली. तेल बदलायचा रविवार आला की बापू धुळ्याहून यायचे. सर्व्हिस सेंटरला गाडी कधीच गेली नाही, त्या बाबतीत नाना हरले नाहीत. पण एकट्यानं गाडीखाली जाणंही थांबलं. बापूंनी मला एकदा सांगितलं, "तारखेला धुळ्याला आले की नाना आमच्या शोरूमसमोरच्या टपरीवर उभं राहून चहा प्यायचे. आतून काचेतून मला दिसायचे. वर्षानुवर्षं. मी बाहेर गेलो असतो तर निघून गेले असते, म्हणून गेलो नाही." ते सांगताना त्यांनी हातातला पाना पुसला आणि ठेवला, पुन्हा उचलून पुसला.

एका रविवारी बापू आत चहाला गेले होते आणि नाना एकटेच खाली होते. थेंब पडत होते. मी वाचता वाचता थांबले आणि विचारलं, "नाना, त्या दिवशी खरंच दगड होता?"

पाय हलले नाहीत.

"तुमचा इतिहास असेल पक्का, बाई, कायदा कच्चा आहे. आपल्या बाजूच्या साक्षीदाराची उलटतपासणी आपण घेत नसतो."

मी पुढची बातमी वाचायला घेतली.

शेवटच्या आजारात नानांचं उठणं बंद झालं. बोलणंही तुटक. पण पाय थांबत नव्हते. दिवसभर चादर ढकलत, पलंगाच्या कठड्याला लागत, टाचा घासत. डॉक्टर झाले, औषधं झाली. अक्का पायांवर हात ठेवून बसत आणि हातासकट पाय हलत राहत. पलंग पोर्चच्या खिडकीला लावला होता. बाहेर गाडी कित्येक महिने जागची हलली नव्हती.

मी धुळ्याहून भेटायला गेले होते, त्या सकाळी बापूही आले. त्यांनी किल्ली घेतली आणि गाडी स्टेशनकडे नेऊन परत आणली.

"आता कोन चालवनार हाये ती?" अक्का म्हणाल्या. "कशाले त्रास करून घेतो?"

बापूंनी पोतं अंथरलं. खिडकीतून आम्हाला त्यांचे पाय दिसत होते. आता केसांत पांढरं होतं त्यांच्या, पण पाय तेच. बोल्ट निघाला आणि घमेल्यात धार पडल्याचा आवाज आला. मी उशाशी पेपर उघडला. अग्रलेख सोडून आतल्या पानावरचं वाचू लागले. धारेचं सूत झालं. सुताचे थेंब झाले. वाचता वाचता माझं लक्ष चादरीकडे गेलं. ती हलत नव्हती. अक्कांचा हात त्या पायांवर नुसता ठेवलेला होता.

मी कुठल्या बातम्या वाचल्या ते आठवत नाही. थेंब लांबत गेले, आणि थांबले.

"वायसर?" नाना म्हणाले. आवाज बारीक होता, पण बाहेर ऐकू गेला.

"नवा घातला, नाना."

"बोल्ट?"

"लावला. आवळला."

नानांनी डोळे उघडले आणि छताकडे पाहत विचारलं, "हातानं, का पान्यानं?"

 अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या बोल्टबद्दल नाना अवाक्षर बोलले नव्हते. खिडकीतून बापूंचे पाय दिसत होते, अंगठा अंगठ्यावर घासता घासता थांबलेला.

"पान्यानं, नाना," बऱ्याच वेळानं उत्तर आलं.

"मग ये बाहेर," नाना म्हणाले. "फाटकाशी लोक डबे घेऊन उभे असतील."